चेंडू जिथं उसळला नाही

सोमवारी दुपारी धावपट्टीवर व्हॉलीबॉलचा डाव रंगात आला होता. तांगिफोएनं त्वेषानं मारलेला चेंडू रेषेच्या आत पडला आणि तिथंच बसला. उसळला नाही की घरंगळला नाही.

"हवा गेली गं चेंडूतली!" कुणीतरी ओरडलं.

"चेंडूतली कसली, हिच्या हातातली गेली," दुसरी म्हणाली, तशा सगळ्या बायका खो-खो हसल्या.

तांगिफोए हार मानणाऱ्यातली नव्हे. तिनं चेंडू उचलून चार पावलं बाजूला आपटला, तर तो कमरेएवढा उसळला. परत मघाच्या जागी आपटला. थप्प.

"अगंबाई, इथं खाली कुणीतरी बसलंय," ती म्हणाली. "झेलतंय मेलं!"

आगीच्या बंबाच्या पायरीवर बसून अपिनेलू नारळ सोलत होता. त्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. खाली कोण बसलंय ते त्याला ठाऊक होतं.

मोतुफाले बेटाच्या विमानतळावर भोंगा वाजवायचा, बंब चालवायचा आणि पट्टी तपासायची, ही तिन्ही कामं तेवीस वर्षं एकटा अपिनेलूच करत होता. मंगळवारी आणि शुक्रवारी सुव्याहून विमान यायचं. दुसऱ्या देशातून येतं म्हणून पत्र्याच्या शेडवर 'आंतरराष्ट्रीय' अशी पाटी होती, तीही एका खिळ्यावर लोंबकळत होती. बाकीचे पाच दिवस पट्टी सगळ्यांची. तिच्यावर पोरं सायकल शिकायची, बायका चटयांची पानं वाळवायच्या, डुकरं निवांत लोळायची. बेटाची रुंदी ती केवढीशी! पट्टी सोडली तर पाय पसरायला जागा कुठं होती? भोंगा झाला की सगळे चंबूगबाळं आवरून कडेला व्हायचे. विमान गेलं की पुन्हा येऊन बसायचे.

पण या मंगळवारच्या विमानाकडं अपिनेलूचे प्राण लागले होते. त्याची मुलगी ओलेपा आठ महिन्यांची गरोदर होती. नवरा मालवाहू जहाजावर, तो कुठल्या समुद्रात असेल देव जाणे. आई चार वर्षांपूर्वीच गेलेली. ओलेपाच्या पायांना सूज होती, रक्तदाब वर चढला तो उतरायचं नाव घेईना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "अपिनेलू, मंगळवारी हिला सुव्याच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचीच. शुक्रवारपर्यंत थांबण्यासारखं हे दुखणं नाही. एकेक तास महत्त्वाचा आहे."

आणि नेमका सोमवारी चेंडू बसला.

आमच्याकडं माणूस एक वेळ बायकोशी झालेलं भांडण चव्हाट्यावर सांगेल, पण आपल्या पुलाकाच्या खड्ड्याची खोली सांगायचा नाही. पुलाकाचा कंद गोड्या पाण्यात वाढतो, आणि हे पाणी लागेपर्यंत आजे-पणजांनी हातानं प्रवाळ फोडून खड्डे खणले. खड्डा किती खोल, त्यात कुठला पाला घालायचा, हे घरातल्या एकालाच सांगायचं. शेजाऱ्याला कळलं तर घराची आब गेली! अपिनेलूच्या घराच्या खड्ड्याचं माप एका काथ्याच्या दोरीत होतं. हाताहातावर एक गाठ, अशा नऊ गाठी. दोरी आढ्याला टांगलेली असायची. अपिनेलू सतरा वर्षांचा झाला तेव्हा थोरल्या माताइओ काकांनी त्याला ती मोजायला दिली होती. नऊ हात! बेटावर एवढा खोल खड्डा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

लढाईच्या काळात अमेरिकन आले आणि त्यांनी खड्ड्यांमध्ये माडाचे ओंडके भरून वरून पट्टी अंथरली. अकरा वर्षांपूर्वी नवं डांबर घालायला परदेशी इंजिनिअर आले, तेव्हा त्यांनी घरोघर विचारलं, तुमचे खड्डे कुठं होते, किती खोल होते? ते उकरून दगडांनी भरतो म्हणाले. गावानं इमानेइतबारे थापा मारल्या. कुणी चार हातांचे दोन सांगितले, कुणी भलतीच जागा दाखवली. माताइओ काकांनी तर हातच झटकले, "आमचं इथं काही नव्हतं. नुसते माड होते." इंजिनिअरांना आमची भाषा येत नव्हती. मध्ये दुभाष्या होता अपिनेलू. शब्द काकांचे, पण निघाले ते त्याच्या तोंडून, आणि इंजिनिअरांच्या कागदावर खाली सही झाली तीही त्याचीच.

आता ते ओंडके ऐंशी वर्षांचे झाले होते. त्यात हा आठवडा वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीचा. या भरतीत समुद्र किनारा ओलांडून येत नाही, तो सरळ जमिनीतून वर येतो. अंगणात बुडबुडे येतात, चुलीत पाणी निघतं. मंगळवारची भरती दुपारी एकला टोकाला जाणार होती. विमानही एकलाच येणार होतं.

मंगळवारी सकाळी सहाला अपिनेलू पट्टी तपासायला गेला. त्या जागी डांबराला तडा नव्हता, खड्डा नव्हता, नुसता ताटाएवढा ओलसर डाग होता. त्यानं टाच आपटली. पोकळ आवाज आला. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं कान लावला. खाली पाणी हळूहळू डचमळत होतं.

तिथून तो तडक काकांकडं गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा ओसरीवर चहात पाव बुडवत बसला होता.

"काका, खड्डा बसतोय."

"कुठला खड्डा?"

"काका!"

म्हाताऱ्यानं पाव संपवला, बोटं चाटली. "ऐंशी वर्षं बसला नाही, तो आजच बसतोय होय? तुझं मन बसतंय, दुसरं काही नाही. आणि सांगणार काय तू? मी खोटं बोललो? की तू खोटं बोललास? ती सही कुणाची आहे कागदावर?"

"माझी."

"मग! सगळं गाव तोंडावर थुंकेल. आणि पोरीचं विमान कोण आणणार, मी?"

अपिनेलू उठला. आजच्या दिवशी आणखी एक वाट होती, ती त्याला दिसत होती. सरकारी जहाज धक्क्याला लागलेलं होतं. अकरा वाजता भरतीच्या पाण्यावर ते प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडीतून बाहेर पडणार आणि संध्याकाळी वाईतेले बेटाला पोचणार. पट्टी बंद आहे म्हणून आत्ता कळवलं तर वैमानिक वाईतेलेच्या पट्टीवर उतरून थांबेल, आणि ओलेपा जहाजानं तिथं जाऊन विमान गाठेल. सरळ हिशेब होता. पण आठ तासांचा दर्या, आणि पोरीची ही अवस्था. वाटेत काही झालं तर? हे कारण खरं होतं, आणि तो स्वतःला तेवढंच बजावत राहिला. त्याच्या मागं दडलेलं दुसरं कारण होतं ती कागदावरची सही. त्या कारणाकडं त्यानं पाठ फिरवली.

नऊ वाजता तांगिफोएनं वायरलेसच्या खोलीतून खाली हाक मारली. व्हॉलीबॉल खेळणारी ही बाईच दिवसा विमानांशी बोलायची. "दादा, सुव्याहून विचारतायत. पट्टी कशी आहे?"

"मोकळी, कोरडी, चांगली," अपिनेलू म्हणाला. तेवीस वर्षं हे तीन शब्द तो म्हणत आला होता. आजही तेच निघाले.

अकरा वाजता जहाजाची शिट्टी झाली. जहाज खिंडीतून निघून ठिपक्याएवढं होईपर्यंत तो बघत उभा राहिला.

बाराच्या सुमाराला शेडमध्ये ही गर्दी. आमच्याकडं जाणारा एक आणि पोचवणारे चाळीस. ओलेपाच्या गळ्यात फुलांच्या इतक्या माळा पडल्या की हनुवटी दिसेना. प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करायची पद्धत. ती उभी राहिली तसा काटा सर्रकन फिरला.

"दोन तिकिटं लावा गं हिला!" कुणीतरी ओरडलं.

"तिसरं त्या माळांचं," ओलेपा म्हणाली. हसता हसता तिनं कपाळ दाबलं.

"डोकं दुखतंय?" अपिनेलूनं विचारलं.

"थोडं. तुमचंच तोंड का उतरलंय बाबा? मी काय कायमची जाते आहे?"

"छे, छे. ऊन लागलं जरा."

"पट्टी बघितलीत ना नीट? आज मी आहे म्हटलं विमानात," ती चेष्टेनं म्हणाली.

तो काहीतरी पुटपुटला आणि बंबाकडं निघून गेला. जाताना त्यानं त्या जागेकडं पाहिलं. ताटाएवढा डाग आता चटईएवढा झाला होता.

पाऊण वाजता त्यानं भोंगा दिला. पट्टीवरची माणसं, कुत्री, चटया सगळं कडेला झालं. मग नेहमीप्रमाणं तो बंब घेऊन पट्टीच्या या टोकाकडून त्या टोकाला निघाला. मध्ये एक डुकरीण पिलं घेऊन उभी होती, तिला त्यानं हॉर्न देऊन हुसकलं आणि वेग वाढवला.

कमरेचा वायरलेस खरखरला. "दादा, वळलास का रे मध्येच?" तांगिफोएचा आवाज. "वरून दिसतंय मला. मोकळ्या पट्टीवर कशाला वळसा घातलास?"

अपिनेलूनं करकचून ब्रेक दाबला. त्यानं वळवला नव्हता. हातांनी परस्पर वळवला होता. आपला आठ टनांचा बंब जिथून न्यायची आपली छाती होत नाही, तिथून वीस टनांचं विमान जायचं होतं. आत चाळीस माणसं. आणि परत उडताना त्यात ओलेपा.

"दादा? विमान दिसायला लागलंय. पट्टी कशी आहे सांग, वैमानिक विचारतोय."

तेच तीन शब्द पुन्हा ओठांवर आले, ते बाहेर पडायच्या आत त्यानं बंब वळवला, आणि 'हे येशू' म्हणून सरळ त्या ओल्या डागावर घातला.

आवाज फारसा झालाच नाही. डांबर मऊ झालं, वाकलं, आणि बंबाचा मागचा भाग एखादं जनावर खाली बसावं तसा बसला. मग पुढची चाकं वर उचलली गेली आणि अख्खा बंब तिरपा होऊन आत गेला. काचेतून काळं पाणी आणि कुजलेल्या माडाचा वास आला. अपिनेलू खिडकीतून कसाबसा बाहेर पडला, कोपरं सोलून निघाली. डांबराच्या कडेला लोंबकळत तो वायरलेसवर ओरडला, "बंद! पट्टी बंद! उतरू देऊ नकोस, तांगिफोए, उतरू देऊ नकोस!"

विमान डोक्यावरून इतकं खालून गेलं की माळांची फुलं उडाली. त्यानं दोन घिरट्या घातल्या आणि दक्षिणेला तोंड केलं. पंख लहान होत होत ढगात गेले.

गाव खड्ड्याभोवती गोळा झालं. जो तो आपल्या आजोबांचा खड्डा कुठं होता याचा मनातल्या मनात हिशेब करत होता आणि कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. माताइओ काकांना दोघांनी धरून आणलं. म्हाताऱ्याच्या हातात दोरी होती. जन्मभर झाकून ठेवलेली ती दोरी त्यानं सगळ्यांदेखत खड्ड्यात सोडली. नववी गाठ काठाला आली तेव्हा दोरी सैल पडली.

"आमचाच," म्हातारा म्हणाला. "खोटं मी बोललो. ह्याला बोलायला मी लावलं."

ओलेपा गर्दीतून पुढं आली. "बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून."

"ते नाही विचारत. आज कधीपासून?"

अपिनेलूला लाज वाटली, इतकी की ही जमीन आपल्यालाही गिळेल तर बरं, असं वाटलं. "सकाळी सहापासून."

"जहाज अकराला गेलं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग डॉक्टरीणबाईंच्या खांद्याला धरून खाली बसली. "डोळ्यांपुढं काजवे चमकतायत हो."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पाहून बायकांची कुजबुज थांबली.

तांगिफोएनं धावाधाव केली. वैमानिक वाईतेलेला उतरला होता आणि सकाळपर्यंत थांबायला तयार झाला होता. जहाजाला वायरलेस गेला. कप्तानानं जहाज मागं फिरवलं, पण ओहोटी लागली की खिंडीतून आत येता येणार नाही. तो म्हणाला, मी बाहेर उभा राहतो, तुम्ही मासेमारीच्या बोटीतून बाई आणून द्या. जहाज परत यायलाच अडीच तास. म्हणजे सकाळी नऊला एक तोंड उघडलं असतं तर वाचले असते, ते तास आता ओलेपाच्या अंगावर चालले होते.

साडेतीनला बोटीत गादी घातली. डॉक्टरीणबाई चढल्या, तांगिफोएचा नवरा इंजिनपाशी बसला. अपिनेलू गुडघाभर पाण्यात उतरून बोटीला हात लावून उभा राहिला.

"तुम्ही येऊ नका," ओलेपा म्हणाली.

"पोरी—"

"नका येऊ बाबा. दर्या कसा आहे असं मी वाटेत विचारीन, आणि तुम्ही 'चांगला' म्हणाल."

तिनं गळ्यातल्या माळा काढून त्याच्या हातात दिल्या. इंजिन सुरू झालं. माळा तशाच छातीशी धरून तो वायरलेसच्या खोलीचा जिना चढला. दुसरीकडं जायचं तरी कुठं होतं?

तांगिफोए कानाला यंत्र लावून बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. एवढ्यात कप्तानाचा आवाज आला, "मी बाहेर आलोय. मला इकडून फेसाशिवाय काही दिसत नाही. आतून खिंड कशी दिसतेय?"

तांगिफोएनं माईक उचलला, मग थांबून तो अपिनेलूपुढं सरकवला. "तुझे डोळे चांगले आहेत. तू सांग," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा होता की भरवसा, ते त्याला कळलं नाही.

खिडकीतून खिंड समोर दिसत होती. भरतीचं सगळं पाणी ओहोटीबरोबर तिच्यातून बाहेर पडत होतं आणि बाहेरची लाट त्याच्या अंगावर चालून येत होती. दोन्हींच्या मध्ये पांढरी भिंत उभी राहत होती, कोसळत होती, पुन्हा उभी राहत होती.

"मोकळी नाही," अपिनेलू म्हणाला. "माणूस जाण्यासारखी नाही. बोट टिकायची नाही."

"मग बोट सोडू नका," कप्तान म्हणाला. "लाट उतरेपर्यंत मी थांबतो. उद्याची सकाळ होईल."

"बोट सुटली," तांगिफोए किंचाळली. बोटीत वायरलेस नव्हता. आतल्या पाण्यावरून ती खिंडीकडं निघालेली दिसत होती, निम्म्याच्या पुढं गेलेली. इथून हाक पोचणार नव्हती.

अपिनेलूच्या हातातल्या माळा खाली पडल्या. त्यानं भिंतीवरचं भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

बेटावर भोंग्याचा अर्थ एकच: विमान आलं. खड्ड्याभोवतीची माणसं बोंब ठोकत पट्टीवरून पळाली. बायकांनी पोरं उचलली, कुत्री झाडांखाली गेली. मग सगळे थांबले आणि माना वर करून बघू लागले. आभाळात काहीच नव्हतं. तरी ते बघतच राहिले.

बोटीचा वेग कमी झाला. ती क्षणभर जागच्या जागी हेलकावली. मग तिनं तोंड फिरवलं आणि भरधाव परत धक्क्याकडं निघाली. तांगिफोए रडायला लागली.

अपिनेलू जिना उतरून धावत धक्क्यावर आला. बोट अजून दोन हात लांब होती. ओलेपा गादीवर कोपर टेकून अर्धवट उठली होती. सुजलेला तळहात तिनं डोळ्यांवर आडवा धरला होता, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता.

"आलं ना, बाबा?" ती आभाळात शोधत म्हणाली. "कुठंय विमान?"